पळसफुलांचं पाणी किती आणि कुणी प्यावं?

फाल्गुनात पळस फुलला की एक प्रश्न हमखास येतो: ‘डॉक्टर, पळसाच्या फुलांचं पाणी रोज घेऊ का? त्यात अँटिऑक्सिडंट असतात म्हणे.’

असतात, हे खरंच आहे. उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला जळजळ होऊ लागली, की रात्री फुलं भिजत घालून सकाळी ते पाणी खडीसाखर घालून प्यायचं, लघवी अडली तर वाफवलेली फुलं ओटीपोटावर बांधायची, हे आपल्याकडचे जुने उपाय. या फुलांत ब्युट्रिन, आयसोब्युट्रिन ही फ्लेव्होनॉइड द्रव्यं सापडतात. पेशींना इजा करणाऱ्या मुक्त मूलकांना अशी द्रव्यं इलेक्ट्रॉन देऊन निष्प्रभ करतात. या दोन्ही द्रव्यांमुळे यकृताच्या पेशींना संरक्षण मिळतं, असं प्रयोगशाळेतलं संशोधन १९८६ मध्ये प्रसिद्ध झालं.

पण काचेच्या बशीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे. गिळलेल्या फ्लेव्होनॉइडचा थोडाच भाग रक्तात पोचतो, तोही आतडी आणि यकृत यांनी रूप बदलल्यावर. आणि ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हा समज तर धोक्याचा आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठी चाचणी झाली. गाजरात असतं तेच बीटा-कॅरोटिन गोळीतून घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. हा १९९४ चा निष्कर्ष. म्हणून फुलांच्या अर्काच्या महागड्या कॅप्सूल मी कुणालाही लिहून देत नाही.

उन्हाळीत आराम पडतो त्यात मोठा वाटा साध्या पाण्याचाच असतो, असं माझं मत आहे. निरोगी मोठ्या माणसानं एखाद-दोन दिवस हे पाणी घ्यायला माझी हरकत नाही. मात्र थंडी-ताप, कंबरेत कळ किंवा लघवीतून रक्त असेल तर त्याच दिवशी लघवी तपासून घ्या. गरोदर बायकांनी आणि मधुमेहींनी जळजळ सुरू होताच तपासणी करावी, घरी उपाय करत थांबू नये. लघवी पूर्ण अडली असेल तर फुलं बांधण्यात एक तासही घालवू नका, नळी घालून ती मोकळी करावी लागते.

जंतांसाठी मुलांना पळसपापडी उगाळून देणं तर कृपा करून थांबवा. पळसाचं हे बी विषारी ठरू शकतं, आणि अल्बेंडाझोलची गोळी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते.

फुलं खायचीच असतील तर हादग्याची, शेवग्याची भाजी करा. फवारणी झालेल्या झाडाची मात्र तोडू नका.