बर्फाचे दिवस आणि आपला ओटा

हिमवादळाचा इशारा आला की बॉस्टनपासून शिकागोपर्यंतच्या दुकानांतून दूध, अंडी आणि पाव आधी गायब होतात. आपल्या मंडळींचं त्यावाचून फारसं अडत नाही. ज्या घरात तूरडाळीची पिशवी, बेसन, पोहे, भाजणी, शेंगदाणे आणि फ्रीजरमध्ये मटार-पालक आहेत, ते घर चार दिवस दाराबाहेर पडलं नाही तरी उपाशी राहत नाही. म्हणून ‘बर्फात अडकलो तर काय खावं’ या प्रश्नाला माझं उत्तर छोटं आहे: नेहमीचंच खा. फ्रीजरमधल्या भाज्यांत सत्त्व उरत नाही ही समजूत खोटी आहे. आणि मूग-मटकी आदल्या दिवशी भिजत घातलीत तर मोडही येतील. बर्फाच्या दिवसांत माणसं आजारी पडतात ती काय खाल्लं यापेक्षा ते कशावर शिजवलं आणि कुठे ठेवलं, यामुळे.

आधी ‘कशावर’चं बघू. २०२१च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये गोठवणारी थंडी पडली, लाखो घरांची वीज गेली आणि कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झालेल्यांची रुग्णालयांत रीघ लागली. ऊब मिळावी, दोन घास गरम खाता यावेत म्हणून लोकांनी कोळशाच्या शेगड्या घरात घेतल्या होत्या, गॅरेजमध्ये जनरेटर नाहीतर गाडी चालू ठेवली होती. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. माणसाला वाटतं, फ्लू झाला किंवा कालचं जेवण बाधलं, आणि तो पांघरूण घेऊन झोपतो. ही झोप जिवावर बेतू शकते. घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखू लागलं आणि बाहेरच्या हवेत गेल्यावर बरं वाटलं, तर दुसरा कुठलाही विचार न करता सगळ्यांना बाहेर काढा आणि ९११ला फोन करा.

कोळशाची ग्रिल आणि कॅम्पिंगचा स्टोव्ह घरात नको, गॅरेजचं दार उघडं ठेवूनही नको. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब ठेवा. गॅसची शेगडी वीज गेल्यावर काडीने पेटवता येते, त्यावर खिचडी जरूर करा, खिडकी थोडी उघडी ठेवून. खिचडी झाली की गॅस बंद. खोली गरम करायला बर्नर किंवा ओव्हन चालू ठेवायचा नाही. घर गरम करणाऱ्या नव्या भट्ट्यांचे (फर्नेस) पांढरे पाइप बाजूच्या भिंतीतून बाहेर निघतात. बर्फाचा ढीग त्यांच्यावर चढला की भट्टीचा धूर घरात परतू शकतो. अंगण साफ करण्याआधी ते पाइप मोकळे करा.

आता एक खास आपल्या घरांतली गोष्ट. कुणाकडे जेवायला गेलं की माझी नजर आधी छताकडे जाते. मोहरी तडतडली, मिरची करपली की स्मोक अलार्म बोंबलतो. मग कोणी त्याला न्हाणीघरातली प्लॅस्टिकची टोपी घालतं, कोणी बॅटरी काढून खणात टाकतं. अडचण खरी आहे, कारण इथल्या कित्येक स्वयंपाकघरांतला पंखा धूर बाहेर टाकतच नाही, गाळून पुन्हा घरातच सोडतो. पण तोच अलार्म बऱ्याचदा कार्बन मोनॉक्साइडही ओळखणारा, दुहेरी असतो. म्हणजे फोडणीपायी आपण जीव वाचवणारं यंत्रच बंद करतो. यावर उपाय सोपा आहे. झोपायच्या खोल्यांजवळ फक्त कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा, बॅटरीवर चालणारा अलार्म लावा. फोडणीच्या धुराने तो वाजत नाही.

आता ‘कुठे ठेवलं’. वीज गेल्यावर दार न उघडता फ्रीज साधारण ४ तास थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास टिकतो, अर्धा भरलेला २४. मग घरातलं कोणीतरी म्हणतंच, बाहेर एवढा बर्फ आहे, ठेव की पातेलं अंगणात. नका ठेवू. हवा गोठलेली असली तरी ऊन पडलं की पातेल्यातलं अन्न कोमट होऊ शकतं, शिवाय रकून आणि खारी टपलेल्या असतात. त्यापेक्षा पाण्याच्या बाटल्या बाहेर ठेवून बर्फ करा आणि तो कूलरच्या पेटीत अन्नाभोवती रचा. दूध, शिजलेली डाळ, मांस, अंडी यांचं तापमान ४० अंश फॅरनहाइटच्या वर दोन तासांहून जास्त राहिलं तर ते सगळं टाकून द्या. वास घेऊन, चव पाहून ठरवू नका. रोगजंतूंना वास असतोच असं नाही.

यात भात जरा जास्तच फसवा. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवण्यातूनही तगतात. रात्रीचा भात झाकून ओट्यावरच राहिला की ते जागे होतात आणि त्यांतले काही असं विष तयार करतात, जे नंतर कितीही परतलं तरी नष्ट होत नाही. सकाळी फोडणीचा भात, दुपारी उलट्या. शिळा भात खाऊ नका असं मी म्हणत नाही, तो माझ्याही आवडीचा आहे. उरलेला भात पसरट डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या पेटीत गेला पाहिजे, एवढंच. तशी सोय नसेल तर एका वेळेला पुरेल इतकाच भात लावा.

राजम्याचंही सांगून टाकतो. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. नीट उकळलं की ते मोडतं, पण मंद आचेवर तसंच राहू शकतं. भिजवून पाणी फेकायचं आणि कुकरला चांगल्या शिट्ट्या काढायच्या, ही आपली रीत योग्यच आहे. इलेक्ट्रिक कुकरचं ‘स्लो कुक’चं बटण मात्र राजम्यासाठी दाबू नका.

मधुमेहींनो, बर्फ पडला की भजी हवीतच, मी कोणाच्या कढईवर जप्ती आणणार नाही. पण पोहे, उपमा, साबुदाणा, बटाटा असं चार दिवस बसून खाल्लं तर साखर चढणारच. खिचडीत तांदळाइतकीच मूगडाळ घाला आणि जेवणानंतर दहा मिनिटं घरातच फेऱ्या मारा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर जेवण चुकवू नका, साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. फ्रीज बंद पडला म्हणून इन्सुलिन बर्फात खोचू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिनं खोलीच्या तापमानाला सुमारे चार आठवडे टिकतात, नेमकी मुदत वेष्टनावर असते. रक्तदाब असणाऱ्यांनी लोणचं-पापड हीच भाजी मानू नये. भारतातून आलेल्या आईबाबांच्या गोळ्या वादळाआधी मोजून घ्या.

घरात कोणी डायलिसिसवर असेल तर केंद्राकडून आणीबाणीच्या तीन दिवसांचा आहारतक्ता आत्ताच मागून ठेवा. डायलिसिस चुकलं तर वरण, बटाटा, टोमॅटो, केळं हे साधे पदार्थसुद्धा रक्तातलं पोटॅशियम वाढवून हृदयावर आघात करू शकतात. पाण्यालाही मर्यादा पडते.

शेवटचं, फावड्याविषयी. भरपेट जेवून लगेच बर्फ उपसायला जाऊ नका. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, ओला बर्फ दगडासारखा जड असतो, आणि हृदयविकाराचे झटके नेमके अशा वेळी येतात. हृदयविकार असलेल्यांनी फावडं हातातच घेऊ नये. छातीत दाबल्यासारखं झालं, हात-जबडा दुखू लागला, घाम फुटला तर तो पित्ताचा त्रास समजून सोडा पीत बसू नका. २०२२च्या डिसेंबरात बफलोमध्ये रुग्णवाहिकाच बर्फात अडकल्या होत्या. वाट बंद असेल तर मदत पोचायला वेळ लागतो, म्हणून ९११ला फोन लवकर करा, रस्ता मोकळा व्हायची वाट बघू नका.