पाळीव उंदरातील श्वासविकार : एक चिकित्साविचार

सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात मूषकांचे १८ प्रकार वर्णिले, ते विषविचारासाठी. मूषक स्वतःच रुग्ण म्हणून वैद्यासमोर येईल, ही कल्पना तेथे नाही. आज मात्र पाळलेला पांढरा उंदीर शिंकू लागला की घरचा काढा त्यालाही पाजावा काय, अशी पृच्छा होते.

या प्राण्यातील जीर्ण श्वासविकारास बहुधा मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जिवाणू कारणीभूत असतो. नेत्र व नासिकेभोवती दिसणारा तांबूस स्राव रक्त नसून पॉर्फिरिनयुक्त अश्रुस्राव होय.

येथे मानवी चिकित्साक्रम जसाच्या तसा योजता येत नाही. उंदरास वांती होतच नाही. सबब कफप्रधान अवस्थेतही वमन संभवत नाही. तो केवळ नासिकेनेच श्वास घेतो, म्हणून धूपन वर्ज्य समजावे. संत्र्याची साल तर नागपुरात घरोघरी हाताशी. परंतु तिच्यातील लिमोनीन अधिक मात्रेत गेल्यास नर उंदराच्या यकृतात निर्माण होणाऱ्या एका विशिष्ट प्रथिनाशी निगडित होऊन वृक्कास बाधते. मानवात हा प्रकार घडत नाही. 'वनस्पतीच ती, अपाय काय होणार?' हा युक्तिवाद येथेच निकाली निघतो.

निदानपरिवर्जन मात्र पूर्णतः लागू पडते. मूत्रजन्य अमोनियाने व्याधी बळावतो. तेव्हा पिंजऱ्यातील अंथरूण वारंवार बदलावे, चीड वा तत्सम उग्रगंधी लाकडाचा भुसा टाळावा. श्वास घेताना कुशी ओढल्या जात असतील अथवा वजन घटत असेल, तर काढ्याच्या प्रयोगात दिवस न दवडता रुग्ण पशुवैद्यकाकडे पाठवावा. नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्सिसायक्लिनसारख्या प्रतिजैविकाचा निर्णय तज्ज्ञानेच घ्यावा. ३०० ग्रॅम वजनाच्या देहास आपली 'चिमूटभर' मात्राही फार होते.