बटणाने फक्त निरोप द्यायचा

अगं, ते दोन हॉर्न घेतलेस ते बरंच केलंस. गाडीसोबत आलेल्या बारक्या हॉर्नचा आवाज घाटात समोरच्या ट्रकवाल्यापर्यंत पोचत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण ‘जुना काढायचा आणि त्याच वायरी नव्याला लावायच्या’ असं काल फोनवर म्हणालीस ना, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. जरा ऐक माझं.

माझ्या पहिल्या गाडीला एका गॅरेजमध्ये मी अगदी असेच हॉर्न लावून घेतले होते. दहा मिनिटांत काम झालं, आवाजही खणखणीत. मग पावसाळा लागला. ताम्हिणीत, धुक्यात, एका आंधळ्या वळणावर बटण दाबलं तर आवाजच नाही. समोरून टेम्पो आला. मी कडेच्या चिखलात गाडी घातली म्हणून वाचले, पण त्याचा बंपर गुडघ्याच्या किती जवळून गेला ते अजून आठवतं. घरी येऊन बटण उघडलं, तर आतले पॉइंट काळेठिक्कर, जळालेले.

त्या बटणाचा काय दोष सांग. ते दोन-तीन अँपिअरच्या छोट्या हॉर्नसाठी बनवलेलं. आपण त्याच्या गळ्यात दोन मोठे हॉर्न बांधतो. एकेक साधारण पाच अँपिअरचा धरलास तरी दहा झाले. बारीक वायर तापते, वाटेतच व्होल्टेज पडतं आणि हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो. म्हणून मध्ये रिले हवा. बटणाने फक्त निरोप द्यायचा, ओझं रिलेने वाहायचं.

रिलेच्या बुडाशी आकडे छापलेले असतात. जुन्या हॉर्नच्या दोन्ही वायरी काढून ८५ आणि ८६ ला लाव. काही गाड्यांत बटण हॉर्नला करंट देतं, काहींत अर्थ देतं. पण दोन्ही वायरी रिलेकडेच नेल्यास की तुला तो शोध घ्यावाच लागत नाही. साध्या रिलेत त्यांची अदलाबदलही चालते. आत डायोड असेल तर मात्र त्यावरची खूण बघून लाव. बॅटरीच्या प्लसपासून फ्यूजमधून येणारी जाड वायर ३० ला, आणि ८७ पासून दोन्ही हॉर्नना. पाच पिनांचा रिले मिळाला तर मधल्या ८७ए ला हात लावू नकोस. तिथे वायर लावलीस तर बटण न दाबताच हॉर्न वाजत राहतील. मूळ वायर कापायची नाही हं, तिला बसेल असं कनेक्टर आण. वॉरंटी आहे अजून गाडीची.

फ्यूज पंधरा अँपिअरचा, आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. याबाबत मी तुझं काहीच ऐकणार नाही. फ्यूजच्या अलीकडची वायर चेसिसला घासून सोलली तर तिला अडवायला कोणीच नसतं, आणि ती जळते ती पेट्रोलच्या टाकीखाली. वायर दीड चौरस मिलिमीटरची तरी घे, अडीचची मिळाली तर उत्तमच. हॉर्नची अर्थिंगही रंगवलेल्या चेसिसवर सोडू नकोस, सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंत आण. सगळ्या टोकांना थिंबल दाबून घे, वर स्लीव्ह. नुसती चिकटपट्टी उन्हात पाघळते आणि पहिल्या पावसात सुटते.

काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढायचा, जोडताना शेवटी. प्लस सोडताना पाना चेसिसला टेकला तरी मग ठिणगी पडत नाही.

हॉर्नचं तोंड जरा खाली, म्हणजे पाणी साचणार नाही. तो कशालाही टेकता कामा नये, टेकला की आवाज मरतो. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, पुढचा शॉकअप दाबून बघ. वायर ताणली जाते का, मडगार्ड हॉर्नवर आदळतं का? रिले सीटखाली, पिना खाली करून.

आणि तो सुरांचा हॉर्न दुकानदाराने दाखवला होता ना, तो नको. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ वा नियम अशा एकामागून एक वेगवेगळे सूर काढणाऱ्या हॉर्नना मनाई करतो. इस्पितळ, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात तर साधाही वाजवायचा नाही. आपली आजी महिनाभर दवाखान्यात होती, तेव्हा खिडकीखालचा प्रत्येक हॉर्न तिच्या अंगावर कसा यायचा, तू पाहिलंयस.

रविवारी सकाळी मी येते. क्रिम्पिंगचा पाना माझ्याकडे आहे. तू तेवढी सीट काढून ठेव, आणि एकही वायर सोडण्याआधी सगळ्या जोडण्यांचे फोटो काढून मला पाठव.