सोल्डरिंगचा छंद : धूर खिडकीबाहेर, शिसे पेटीत

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद आपल्याकडे नवा नाही. पूर्वी घरी ट्रान्झिस्टर जोडणारी हौशी मंडळी गावोगाव असत. आता एलईडी दिवे दुरुस्त करणारे, छोटा अँप्लिफायर तयार करणारे, मुलांच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सर्किट जोडून देणारे पालक पुष्कळ दिसतात. छंद उत्तम आहे. त्याने डोके चालते, हात स्थिर होतो आणि चार पैसेही वाचतात. अडचण आहे ती जागेची. मध्यमवर्गीय घरात या कामासाठी वेगळी खोली कोठून आणणार? मग जेवणाचे टेबल, मुलांच्या अभ्यासाचे टेबल, नाहीतर सरळ स्वयंपाकघरातला ओटा वापरला जातो. आरोग्याचा प्रश्न येथेच सुरू होतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे उचलून नेता येईल अशी सोल्डरिंगची पेटी. ती कशी करावी हे सांगण्यापूर्वी तिची गरज का, ते पाहू.

धूर कशाचा असतो?

पुष्कळांची समजूत असते की सोल्डरिंगचा धूर शिशाचा असतो. तसे नाही. नेहमीच्या सोल्डरमध्ये सुमारे ६० टक्के कथील व ४० टक्के शिसे असते आणि ते १८३ ते १९० अंश सेल्सिअसला वितळते. आयर्नचे टोक साधारण ३५० अंशांपर्यंत तापते. शिसे उकळते १,७०० अंशांच्याही वर. त्यामुळे हौशी कामात शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. डोळ्यांत झोंबतो तो धूर फ्लक्सचा. सोल्डरच्या तारेच्या पोटात असते ती राळ, म्हणजे रोझिन. चीड वृक्षाच्या डिंकातून टर्पेंटाइन काढून घेतल्यावर हीच राळ उरते. ती जळाली की श्वासनलिकेला त्रास देणारी द्रव्ये व अतिसूक्ष्म कण हवेत येतात. कामामुळे होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत ब्रिटनमध्ये हा धूर गणला जातो.

हा दमा लबाड असतो. खोकला व छातीतील घरघर काम करतानाच सुरू होईल असे नाही. पुष्कळदा ती संध्याकाळी किंवा मध्यरात्री सुरू होते. काम बंद असले की बरे वाटते. त्यामुळे रोगी धूळ, थंडी, केळी, दही अशा सर्वांना दोष देतो, पण सोल्डरिंगचे नाव काढत नाही. एकदा शरीर या धुराला चिडले की पुढे अगदी थोडा धूरही पुरतो. म्हणून सुरुवातीपासूनच तो नाकापाशी येऊ देऊ नये.

शिसे पोटात कसे जाते?

शिसे शरीरात शिरते ते मुख्यतः हातावाटे. सोल्डरची तार हाताळताना बोटांवर शिशाचा पातळ थर बसतो. त्याच बोटांनी बिस्किट खाल्ले, बिडी ओढली किंवा तळहातावर तंबाखू मळली की ते थेट तोंडात. दोन्ही हात गुंतले म्हणून तार दातांत धरणारेही असतात. ती सवय फारच वाईट. टोक झटकल्यावर उडणारे बारीक गोळे व काजळी टेबलावर पडतात. त्याच टेबलावर रात्री ताटे मांडली जातात आणि रांगणारे मूल खाली पडलेले उचलून तोंडात घालते.

मोठ्यांच्या मानाने लहान मुलांच्या आतड्यातून चार ते पाच पट शिसे शोषले जाते. शरीरात लोह व कॅल्शियम कमी असेल तर ते आणखी वाढते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातील पाच वर्षांखालील शंभरातील ६७ मुलांत रक्तक्षय आढळला, हे येथे विसरू नये. शिशाने मुलांची बुद्धी, लक्ष व वागणूक यांवर परिणाम होतो आणि झालेले नुकसान पुरते भरून येत नाही. गर्भवतीच्या रक्तातून ते गर्भातही पोचते. शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक आहे असे सांगता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. हाडांत साठलेले शिसे तर अनेक वर्षे राहते.

पेटी अशी करावी

पेटीचा हेतू एकच : शिसे व काजळी एका चौकटीत राहावी आणि काम संपल्यावर झाकण लावून मुलांच्या हाताला न लागेल अशा जागी जावी.

आतून १८ इंच लांब, १२ इंच रुंद व ६ इंच खोल अशी प्लायवूडची पेटी पुरे. पुढची फळी बिजागरीने खाली पडेल अशी ठेवावी, म्हणजे मनगटे टेकवून काम करता येते. झाकण मागच्या बाजूला बिजागरीवर असावे व त्याला साखळी लावावी. आतून सर्वत्र सनमायका चिकटवावा. कोरे लाकूड शिशाची धूळ धरून ठेवते, सनमायका ओल्या फडक्याने पुसता येतो. आयर्न जेथे चालणार तेथे ८ बाय १२ इंचांची भिंतीची गुळगुळीत टाइल बसवावी. बांधकामातली उरलेली टाइल चालेल. ती जळत नाही आणि स्वच्छ पुसली जाते. काहीजण सिमेंटच्या जुन्या पत्र्याचा तुकडा वापरतात. तो कटाक्षाने टाळावा. त्यात अँस्बेस्टॉस असते आणि तुकडा कापताना किंवा झिजताना निघणारे तंतू फुफ्फुसात जातात.

मागच्या फळीला भोक पाडून संगणकातला १२ व्होल्टचा मोठा पंखा बसवावा. तो हवा आतून ओढून मागे टाकेल अशा दिशेने लावावा. भोकाच्या बाहेर ४ इंचांचा लवचिक पाइप जोडून त्याचे तोंड खिडकीबाहेर काढावे. पाइप तीन-चार फुटांहून लांब नसावा, नाहीतर पंख्याची ताकद कमी पडते. बाजारात कोळशाची गाळणी लावलेले पंखे मिळतात. कोळसा वास बराच शोषतो, परंतु धुराचे सूक्ष्म कण त्यातून आरपार जातात. म्हणून खिडकी हीच खरी गाळणी. जोडकाम पंख्यापासून वीतभर अंतराच्या आत करावे. पंखा पुरतो की नाही हे पाहण्यासाठी टाइलवर कामाच्या जागी उदबत्ती धरावी. धूर वाकून पंख्याकडे गेला पाहिजे. तुमच्या तोंडाकडे आला तर पेटी खिडकीच्या आणखी जवळ न्यावी. छताचा पंखा मात्र काम करताना बंद ठेवावा.

उजव्या हाताला आयर्नचा लोखंडी स्टँड ठेवावा. त्यात आयर्न असताना झाकण लागूच नये, इतका तो उंच असावा. गरम आयर्न पेटीत बंद होऊन आग लागण्याचा धोका त्याने टळतो. आवरताना टोक ओल्या स्पंजाला टेकवून पाहावे. चर्र आवाज आला तर अजून थांबावे. आयर्न तीन पिनांचे, अर्थिंगचे असावे. पेटीत झाकणाच्या दोन बरण्या ठेवाव्यात. एकीत सोल्डरचा चुरा व काजळी, दुसरीत पुसायची फडकी. हा चुरा चुलीत, बागेत किंवा मोरीत टाकू नये. बरणी भरली की ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. ही पेटी फक्त याच कामाची. डबा, पाण्याची बाटली, औषधे तिच्यात ठेवू नयेत.

चाळिशीनंतर जवळचे अंधूक दिसते आणि माणूस नकळत धुरावर वाकतो. म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला एलईडी दिवा व भिंग लावावे. मान वाचते आणि नाकही दूर राहते.

काम करताना

साधा चष्मा तरी डोळ्यांवर असावा. तापलेल्या सोल्डरचा थेंब किंवा कापलेल्या तारेचा तुकडा डोळ्यात उडू शकतो. कपडे सुती घालावेत, पायात चप्पल असावी. आयर्न हातातून निसटले तर झेलायला जाऊ नये. खाणे, पिणे, तंबाखू हे सर्व काम संपल्यावर. त्याआधी साबण व पाण्याने हात धुवावेत. सॅनिटायझरने शिसे निघत नाही. पेटी कोरड्या कुंचल्याने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. गर्भवती स्त्रिया व लहान मुले कामाच्या वेळी खोलीत नसावीत. शाळकरी मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखालीच आणि शिसेविरहित सोल्डर घेऊन काम करावे. हे सोल्डर सुमारे २२० अंशांना वितळते, म्हणजे टोक अधिक तापवावे लागते व धूरही होतो. तेव्हा शिसे नाही म्हणून पंखा बंद ठेवू नये.

भाजले तर लगेच अंगठी काढून तो भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. टूथपेस्ट, शाई, तूप, बर्फ काहीही लावू नये. फोड फोडू नये. डोळ्यात काही उडाले तर स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

काम केलेल्या दिवशी किंवा त्या रात्री खोकला, धाप, घरघर, नाक वाहणे असा त्रास होऊन सुटीत बरे वाटत असेल, तर आठवडाभर कामाची व त्रासाची नोंद ठेवून ती वही डॉक्टरांना दाखवावी. ती पाहून निदान लवकर होते. हातांवर खाज व चट्टे येणे हेही राळेचे लक्षण असू शकते. वारंवार पोटदुखी, बद्धकोष्ठ, थकवा, रक्तक्षय, किंवा मुलाचे अभ्यासातून लक्ष उडणे यांची कारणे अनेक असतात. परंतु घरात सोल्डरिंग होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. रक्तातील शिशाची तपासणी मोठ्या प्रयोगशाळांतून होते.

पेटीला लागणारे बहुतेक सामान घरात किंवा भंगारच्या दुकानात मिळते. एका रविवारी ती तयार होईल. पुढच्या सोमवारपासून जेवणाचे टेबल जेवणासाठी मोकळे राहू द्यावे आणि छंद खुशाल चालू ठेवावा.