त्या बाई कुणाच्या बाजूच्या?

प्रश्न : आमच्या गावात एक जण बऱ्याच वर्षांनी परत आला आहे. आजारपणात त्याच्या हातून स्वतःच्या आईचा जीव गेला होता. कोर्टाने त्याला शिक्षा न देता मनोरुग्णालयात ठेवलं. आता तो थोरल्या भावाकडे राहतो. महिन्यातून एकदा एक समुपदेशक बाई येतात, त्याच्याशी तासभर बोलतात आणि जातात. त्या काय बोलत असतील? त्याने काही भलतंसलतं सांगितलं तर पोलिसांना कळवतात का? म्हणजे त्या त्याच्या बाजूच्या की गावाच्या? आणखी एक. आमच्या पोल्ट्रीवर काम मिळेल का, असं त्याने विचारलंय. द्यावं का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : त्या बाईंना मी ओळखत नाही, पण त्या करतात तेच काम मी करते. त्यामुळे बंद दाराआड काय चालतं ते सांगू शकते.

आधी तो ‘सुटला’ म्हणजे काय ते पाहू, कारण गावात चर्चा तिथूनच सुरू होते. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ८४ होतं, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम २२ आलं. आशय तोच आहे. मनाच्या आजारामुळे आपण काय करतोय हे त्या क्षणी माणसाला कळत नसेल, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे उमगत नसेल, तर त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. नुसत्या डॉक्टरी दाखल्याने हे भागत नाही, आरोपीच्या बाजूने ते दाखवून द्यावं लागतं. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाला पत्नीच्या खुनाच्या खटल्यात हा लाभ दिला. त्याचे आधीचे उपचार, घटनेनंतर पुन्हापुन्हा करावे लागलेले उपचार, आणि दिवसाढवळ्या घडलेल्या कृत्यानंतर त्याने लपायचा किंवा पळायचा प्रयत्न न करणं, हे सगळं न्यायालयाने पाहिलं.

अशा निकालपत्रात कृत्य त्याच्याच हातून घडलं की नाही, हे न्यायाधीशांना स्पष्ट लिहावं लागतं. म्हणजे कोर्टाने ‘काही घडलंच नाही’ असं म्हटलेलं नाही. आणि घडलं असेल तर माणूस तिथून थेट घरी जात नाही. त्याला सुरक्षित ताब्यात, बहुधा सरकारी मनोरुग्णालयात ठेवतात. नातेवाइकाने किंवा मित्राने अर्ज करून हमी दिली, तर त्याच्या स्वाधीन करता येतं. याची नीट काळजी घेईन, याच्याकडून स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होऊ देणार नाही, सांगितलं तेव्हा हजर करीन, अशी ती हमी असते.

आता या हमीचा विचार करा. लिहून देणारा कोण? दोन एकर द्राक्षबाग सांभाळणारा एखादा भाऊ. तोही त्याच आईचा मुलगा. आजार परत डोकं वर काढतोय हे कशावरून ओळखायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. इंग्लंडमध्ये १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली अशा माणसाला अटींवर घरी सोडतात, तेव्हा त्याच्यावर देखरेखीला नेमलेला प्रशिक्षित माणूस असतो. तो ठरावीक काळाने न्याय मंत्रालयाला अहवाल देतो, आणि तब्येत ढासळली तर माणसाला परत रुग्णालयात बोलावता येतं. आपल्याकडे कायद्याने सगळा भार त्या कागदावरच्या सहीवर टाकलाय. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांतले समाजसेवा अधीक्षक, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली माणसं, काही संस्था आपापल्या परीने ही पोकळी भरतात. मला या व्यवस्थेचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही. हमी घेणाऱ्या सरकारने हमी देणाऱ्याच्या हाताशी एक जाणतं माणूस दिलंच पाहिजे.

‘मग आतच का ठेवत नाहीत?’ हा प्रश्न मला प्रत्येक गावात कुणीतरी विचारतं. त्याचं उत्तर आसामात आहे. मचांग लालुंग या तरुणाला १९५१ मध्ये अटक झाली आणि त्याला तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं. १९६७ मध्ये डॉक्टरांनी तो ठीक असल्याचं कळवलं. त्याला घरी न सोडता तुरुंगात हलवलं. खटला चाललाच नाही. २००५ मध्ये एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो बाहेर आला तेव्हा सत्तरी ओलांडलेला म्हातारा झाला होता. चोपन्न वर्षं. ‘आतच राहू दे’ म्हणताना आपण हे मागत असतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. पहिल्याच भेटीत, चहा यायच्या आधी, मी जे बोलते ते साधारण असं असतं : “दादा, तुम्ही मला सांगाल ते पारावर जाणार नाही. वहिनींच्या कानावरही जाणार नाही. पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, तर मी गप्प बसणार नाही. डॉक्टरांना सांगेन, भावाला सांगेन, वेळ आली तर पोलिसांनाही. आणि जमेल तेव्हा, सांगण्याआधी तुम्हाला सांगेन.”

हे ऐकल्यावर तो तोंडच उघडणार नाही, असं तुम्हाला वाटेल. माझा अनुभव उलटा आहे. या माणसांना आयुष्यभर फसवून उपचार दिलेले असतात. ‘देवाला जाऊ’ म्हणून गाडीत बसवायचं आणि दवाखान्याच्या दारात उतरवायचं. गोळी कुटून आमटीत घालायची. घरचे हे मायेपोटी, अगतिक होऊन करतात, मला ठाऊक आहे. पण ज्याला आधीच वाटतंय की आपल्या जेवणात काहीतरी कालवलं जातंय, त्याच्या जेवणात खरोखर काहीतरी कालवलेलं असतं! एकदा ते त्याच्या ध्यानात आलं की डॉक्टर, भाऊ, भाकरी, सगळ्यावरचा विश्वास जातो. अशा माणसासमोर कुणीतरी स्वतःहून ‘मी अमुक परिस्थितीत तुमची गोष्ट बाहेर सांगणार’ असं म्हणतं, तेव्हा तो प्रथमच मान वर करून नीट बघतो.

ही मर्यादा माझ्या मनची नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि त्याच कलमात अपवादही दिलेत. दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून माहिती देता येते, पण त्या बचावाला लागेल तेवढीच. या प्रश्नावरचा जगभर शिकवला जाणारा खटला एका भारतीय विद्यार्थ्याचाच आहे. कॅलिफोर्नियात बर्कलीला शिकणाऱ्या या मुलाने एका मुलीला मारण्याचा विचार आपल्या मानसोपचारकाला सांगितला. त्यांनी विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं, तो भानावर दिसतोय म्हणून सोडलं. मुलीला मात्र कुणीच सावध केलं नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याने तिला ठार मारलं. टॅरासॉफ खटला म्हणून हा ओळखला जातो. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जिला धोका आहे तिच्या बचावासाठी वाजवी काळजी घेणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्यच आहे.

तरी प्रत्यक्षात पोलिसांपर्यंत गोष्ट क्वचितच जाते. ‘शेजाऱ्याचा संताप येतो’ असं कुणी म्हणालं तर मी त्या संतापावर बोलते. बांधावरून संताप कुणाला येत नाही? पण तीन रात्री झोप नाही, शेजारी विजेच्या तारांतून हुकूम सोडतोय अशी खात्री आहे, आणि उशाखाली विळा आहे, असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. तिथे डोस वाढतो, इंजेक्शन मिळतं, कधी पंधरा दिवस भरती व्हावं लागतं. वेळेवर कळलं तर बहुतेकदा एवढ्यावर निभावतं.

म्हणून त्या तासाभरातलं बरंचसं बोलणं तुम्हाला अगदी साधं वाटेल. झोप किती लागली? रात्री उठून अंगणात फेऱ्या मारता का? वहिनींच्या हातचं जेवता की स्वतः वाढून घेता? टीव्ही का झाकून ठेवलाय? गोळ्यांची पाकिटं दाखवा बघू. प्रत्येकाचा आजार परतताना आपली खूण दाखवतो, आणि ती खूण त्याच्याकडूनच समजून घेऊन भावाला शिकवायची असते. धोका जोखण्यासाठी एचसीआर-२० नावाचा कॅनडात तयार झालेला आराखडा अनेक देशांत वापरतात. त्यातले २० पैकी १० मुद्दे भूतकाळाचे आहेत, ते कुणालाच बदलता येत नाहीत. उरलेले १० आजच्या आणि उद्याच्या स्थितीचे : आजाराची जाण, औषधपाणी, राहायची सोय, घरच्यांचा आधार, ताणतणाव. गाव फक्त पहिले १० मोजतं. मला पगार दुसऱ्या दहांसाठी मिळतो.

पण खरं जड काम वेगळंच आहे. औषध लागू पडतं, भास थांबतात, आणि मग माणसाला कळतं की आपण काय केलं. ज्या बाईला आपण हडळ समजलो ती आई होती. बरं होण्याचा हा काळ मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, आणि धोका गावाला नसतो, त्याच्या स्वतःच्या जिवाला असतो. 

एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. आईचं श्राद्ध जवळ आलं होतं. धाकट्याने विचारलं, “ताई, मी काय करायचं त्या दिवशी?” उंबऱ्यात बसलेला थोरला मान न वळवता म्हणाला, “त्यानं हात लावायचा न्हाई.” धाकटा गप्प झाला. मी त्या दिवशी थोरल्याशी बोलत बसले. हमीवर सही करताना, अर्ज लिहिताना, औषधं आणताना त्याला सगळे धाकट्याबद्दल विचारत होते. ‘तुझी आई गेली, तुझं काय?’ हे कुणी विचारलंच नव्हतं. भावाला घरात घेतल्यापासून आपण त्याच्यासोबत एका वेळी जेवायला बसलेलो नाही, हे त्याने मला त्या दिवशी सांगितलं. पुढच्या भेटींत दोघांनी मिळून ठरवलं ते असं : विधी थोरल्याने करायचा, बाजारहाट धाकट्याने आणायचा. तिसरी गोष्ट मी घातली. त्या आठवड्यात धाकट्याने एकटं झोपायचं नाही, आणि फवारणीची औषधं शेजारच्यांच्या घरी कुलपात ठेवायची.

आता सांगा, मी कुणाच्या बाजूची होते? तो नीट झोपतोय की नाही हे बघणं आणि तुमच्या लेकरांना सुरक्षित ठेवणं हे माझ्या वहीत एकाच पानावर असतं. वेगळी पानं करायला गेलं की दोन्हीकडचं नुकसान होतं, एवढं मी छातीठोकपणे सांगते.

भीतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मनोरुग्णांपैकी बहुसंख्य कधीच कुणावर हात उगारत नाहीत. मार खाण्याची वेळ त्यांच्यावरच जास्त येते. ज्यांच्या हातून घडलंय त्यांच्याकडे जाताना मी दाराजवळ बसते, येतेय हे आधी कळवते, तो दारू प्यालेला असेल तर त्या दिवशी बोलणं टाळते. ही शिस्त आहे, आणि ती असली की मोकळेपणाने बोलता येतं.

पोल्ट्रीचं म्हणाल तर काम द्या. रात्रपाळी मात्र देऊ नका. जागरणाने आजार बळावतो. त्याच्या काही औषधांनी सुस्ती येऊ शकते, तेव्हा खाद्य मिसळायच्या यंत्रावर लावण्याआधी त्याला डॉक्टरांना विचारून यायला सांगा. इंजेक्शनच्या दिवशी पगारी सुट्टी द्या, कारण खाडा पडेल या भीतीने माणसं इंजेक्शन चुकवतात. बाकीच्या गड्यांना आधीच बजावा की आईवरून एक शब्द निघता कामा नये. त्याचा फोन नंबर घ्या, भावाचाही घ्या, आणि दोघांना सांगूनच घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक शेडमध्ये लिहून ठेवा, तो सगळ्याच गड्यांच्या उपयोगी पडेल. पगार भावाकडे न देता त्याच्याच हातात द्या. आणि तो न सांगता आला नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दुपारी घरी फोन करा.