कृत्तिकांचा घोस

कार्तिक महिना सरत आला होता. अमावास्या दोन दिवसांवर होती. नागपूर-भंडारा महामार्गावरील शहापूर गावाबाहेर धानाची कापणी संपली होती. रिकाम्या बांध्यांतून थंड वारा वाहत होता. आमच्या नववीच्या वर्गातील मुले-मुली एका शेतकरी काकांच्या खळ्यावर जमली होती. आज तेथे आकाशदर्शनाचा कार्यक्रम होता. मी त्यांचा विज्ञान शिक्षक.

काकांनी खळ्यावरचा दिवा मालवला. पहिली दोन-चार मिनिटे कोणालाच काही दिसेना. मग डोळे अंधाराला सरावले आणि आकाश ताऱ्यांनी भरून गेले.

मी मुलांना पूर्वेकडे तोंड करून बसायला सांगितले. तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. क्षितिजाजवळ मृग नक्षत्र नुकतेच वर आले होते. त्यातील एका ओळीतील तीन तारे सर्वांनी ओळखले. मी म्हणालो, "या तीन ताऱ्यांची रेघ मनाने वर वाढवा. एक मोठा तांबूस तारा लागेल. ती रोहिणी. तिच्याही वर पाहा. तेथे लहान लहान ताऱ्यांचा एक घोस दिसेल. त्या कृत्तिका."

"दिसल्या, सर!" एकदम आवाज उठला.

"आता मोजा," मी म्हणालो.

बहुतेकांनी सहा तारे मोजले. एका मुलाने सात मोजले. दुसऱ्याने आठ सांगितले, तेव्हा त्याच्याशी इतरांचा वाद सुरू झाला. मी सांगितले, "दोघेही खरे असतील. सामान्य नजरेला सहा तारे दिसतात. आकाश फार काळोखे असेल आणि नजर तीक्ष्ण असेल, तर आणखी काही दिसतात. आता हात लांब करून करंगळी त्यांच्यासमोर धरा."

मुलांनी करंगळ्या धरल्या. जवळजवळ सगळा घोस एका करंगळीआड झाकला गेला. मुलांना मोठी गंमत वाटली.

एक मुलगी मात्र गप्प होती. मी विचारले, "तू किती मोजलेस?"

ती हळूच म्हणाली, "सर, मला तारे दिसतच नाहीत. तिथे थोडे धुरकट दिसते, एवढेच."

काही मुले हसली. मी त्यांना थांबवले. त्या मुलीचे नाव परवीन होते.

मी म्हणालो, "मुलांनो, हसू नका. कृत्तिकांना फारसीत काय म्हणतात, ठाऊक आहे? परवीन! अरबीत त्यांना सुरैया म्हणतात. तुमच्या उर्दूत 'इक्द-ए-सुरैया' म्हणजे कृत्तिकांचा हार. आज आपण परवीनच्याच नावाचे तारे पाहायला आलो आहोत."

मुले शांत झाली. परवीन वर पाहू लागली. डोळे बारीक करून ती पुन्हा पुन्हा पाहत होती.

जगातील कितीतरी लोकांनी या घोसाला आपापली नावे दिली आहेत. ग्रीक लोक त्यांना सात बहिणी म्हणत. जपानी भाषेत त्यांचे नाव सुबारू आहे. भारतीय कथेप्रमाणे सहा कृत्तिकांनी एका बाळाला वाढवले, म्हणून त्याचे नाव कार्तिकेय पडले. कार्तिक महिन्याचे नावही याच ताऱ्यांवरून आले आहे, कारण त्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो. सन ९६४ च्या सुमारास अब्दुर्रहमान अल् सूफी या ज्योतिर्विदाने ताऱ्यांविषयी एक सचित्र ग्रंथ अरबीत लिहिला. त्यातही सुरैयाचे वर्णन आहे.

एका मुलाने विचारले, "सर, हे तारे खरोखर जवळ जवळ आहेत, की नुसते तसे दिसतात?"

प्रश्न चांगला होता. आकाशातील पुष्कळ तारे आपल्याला शेजारी शेजारी दिसतात, पण त्यांतील एक जवळ आणि दुसरा फार दूर असू शकतो. १७६७ साली जॉन मिशेल या इंग्रज विद्वानाने याचा हिशेब केला. तारे आकाशात कसेही विखुरले गेले असते, तर कृत्तिकांसारखा घोस केवळ योगायोगाने तयार होण्याची शक्यता किती? त्याचे उत्तर आले, सुमारे पाच लाखांत एक. म्हणजे हा योगायोग नव्हे. हे तारे खरोखरच एकत्र आहेत.

त्याआधी १६१० साली गॅलिलिओने आपल्या लहानशा दुर्बिणीतून कृत्तिका पाहिल्या होत्या. साध्या डोळ्यांना सहा तारे दिसतात, तेथे त्याने ३६ तारे नकाशात दाखवले. आज आपल्याला ठाऊक आहे की या समूहात एक हजाराहून अधिक तारे आहेत. अशा समूहाला खुला तारकागुच्छ म्हणतात.

वायू आणि धूळ यांच्या एकाच प्रचंड ढगातून हे तारे जन्माला आले. म्हणून ते भावंडेच आहेत. एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणाने ते एकत्र राहिले आहेत. पण हे बंधन सैल आहे. आणखी सुमारे २५ कोटी वर्षांत हा घोस विस्कटेल आणि त्यातील तारे आकाशगंगेत विखुरतील.

कृत्तिकांचे वय सुमारे १० कोटी वर्षे आहे. हे ऐकून मुले म्हणाली, "सर, मग त्या म्हाताऱ्या आहेत!" पण तसे नाही. आपल्या सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे. सूर्याला ४६ वर्षांचा माणूस मानले, तर कृत्तिका एक वर्षाचे बाळ ठरतात. तरीही आपल्या सह्याद्रीचा काळा खडक त्यांच्याहून लहान आहे. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसापासून बनला. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याला ज्या डायनोसॉरची हाडे सापडली, ते प्राणी जगत होते तेव्हाही कृत्तिका आकाशात चमकत होत्या.

या घोसातील तेजस्वी तारे निळसर आहेत. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल दिसते, अधिक तापले की पिवळे आणि मग पांढरे दिसते. ताऱ्यांचेही तसेच आहे. तांबूस तारा कमी तप्त असतो आणि निळसर तारा अतिशय तप्त असतो. असे मोठे, तप्त तारे आपले इंधन फार वेगाने जाळतात, त्यामुळे त्यांचे आयुष्य कमी असते. निळे तारे अजून शिल्लक आहेत, यावरूनच हा समूह तरुण आहे हे कळते.

मोठ्या दुर्बिणीने काढलेल्या छायाचित्रांत कृत्तिकांभोवती निळे धुके दिसते. हा त्यांच्या जन्माच्या ढगाचा उरलेला भाग असावा, असे पूर्वी शास्त्रज्ञांना वाटे. आता असे समजले आहे की कृत्तिका वाटेत भेटलेल्या एका वेगळ्याच धुळीच्या ढगातून जात आहेत. ती धूळ त्यांच्या प्रकाशाने उजळते.

प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. तरीही कृत्तिकांपासून आपल्यापर्यंत यायला त्याला सुमारे ४४० वर्षे लागतात. हे अंतर ठरवतानाही मतभेद झाले. १९९७ साली हिप्पार्कस या उपग्रहाच्या मोजणीतून अंतर सुमारे ५० प्रकाशवर्षे कमी आले होते. पुढे इतर पद्धतींनी आणि २०१३ साली सोडलेल्या गाया या यानाने पुन्हा मोजणी झाली, तेव्हा ती चूक लक्षात आली. मी मुलांना म्हणालो, "आज तुमच्या डोळ्यांत शिरणारा हा प्रकाश कृत्तिकांपासून निघाला, तेव्हा दिल्लीच्या तख्तावर बादशहा अकबराची सत्ता होती. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता."

काका इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "आमच्या वडिलांकडे घड्याळ नव्हते. या दिवसांत धान राखायला ते रात्री शेतावर असत. कृत्तिका डोक्यावर आल्या की मध्यरात्र झाली, असे ते सांगत."

काकांच्या वडिलांचा अंदाज बरोबर होता. शहापूरहून कृत्तिका जवळजवळ थेट माथ्यावरून जातात, आणि कार्तिकाच्या अखेरीस त्या रात्री साडेअकराच्या सुमारास तेथे पोहोचतात. मे महिन्यात मात्र त्या दिसतच नाहीत. ११ मे ते २५ मे या काळात सूर्य कृत्तिका नक्षत्रात असतो, तेव्हा त्या सूर्याबरोबर उगवतात आणि सूर्याबरोबर मावळतात. त्यानंतर रोहिणी आणि मृग ही पावसाची नक्षत्रे येतात.

शेवटी मी मुलांना एका मराठी विद्वानाची गोष्ट सांगितली. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड येथे झाला. ते शिक्षक होते. १८९६ साली त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासावरील मोठा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. शतपथ ब्राह्मण या प्राचीन ग्रंथात त्यांना एक वाक्य आढळले. कृत्तिका पूर्व दिशा सोडत नाहीत, असा त्याचा अर्थ होता. आज तर कृत्तिका पूर्वेपासून बऱ्याच उत्तरेकडे उगवतात. मग ते वाक्य खोटे का? दीक्षितांनी विचार केला. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे सावकाश डोलतो. त्याच्या एका फेरीला सुमारे २६ हजार वर्षे लागतात. त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा हळूहळू बदलतात. कृत्तिका बरोबर पूर्वेला कधी उगवत होत्या, याचे गणित त्यांनी मांडले. उत्तर आले, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी. त्या वाक्याच्या काळाविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत. परंतु एका वाक्याकडे दुर्लक्ष न करता त्याची आकाशाशी पडताळणी करावी, ही दीक्षितांची रीत शिकण्यासारखी आहे.

कार्यक्रम संपला. मुले घरी गेली. मला मात्र परवीनचे बोलणे आठवत राहिले. ती नेहमी पहिल्या बाकावर बसे. फळ्यावरचे न लिहिता ती शेजारणीच्या वहीतून उतरवून घेई. मी तिला त्याबद्दल दोनदा रागावलोही होतो. आता मला कारण कळले. तिला फळा दिसतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या अब्बांना भेटलो. त्यांनी तिला भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. जवळचे स्पष्ट आणि दूरचे अस्पष्ट दिसणे, या दोषाला निकटदृष्टिता म्हणतात. अंतर्गोल भिंगाच्या चष्म्याने तो दोष दूर होतो. परवीनला चष्मा मिळाला. तिला वहीतून उतरवून घेतल्याबद्दल रागावलो, ही चूक माझी होती. मी तिला तसे सांगितले.

मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास आम्ही पुन्हा त्याच खळ्यावर जमलो. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. कृत्तिका माथ्यावर होत्या. परवीन सतरंजीवर उताणी पडून बोट हलवीत मोजत होती. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

"सर," ती म्हणाली, "सातवा आहे. अगदी बारीक आहे, पण आहे."

विद्यार्थी मित्रांनो, येत्या हिवाळ्यात तुम्हीही एखाद्या काळोख्या रात्री अंगणातला दिवा मालवा आणि कृत्तिका मोजा. सोबत भावंडांनाही घ्या. एखाद्याला तेथे फक्त धुरकट दिसत असेल, तर त्याला हसू नका. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जायला घरी सांगा.

शब्दार्थ
घोस – झुबका, गुच्छ
बांधी – धानाचे बांध घातलेले शेत
खळे – धान्याची मळणी करण्याची जागा
सरावणे – सवय होणे
माथा – डोके. येथे, डोक्यावरचे आकाश
तप्त – तापलेले
पडताळणी – खरे-खोटे तपासून पाहणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कृत्तिकांना फारसीत आणि अरबीत काय म्हणतात?
(आ) गॅलिलिओने कृत्तिकांत किती तारे दाखवले?
(इ) मे महिन्यात कृत्तिका का दिसत नाहीत?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कृत्तिका तरुण आहेत हे कशावरून कळते?
(आ) शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी प्राचीन वाक्याची पडताळणी कशी केली?
(इ) शिक्षकांना आपली कोणती चूक कळली?

३. 'मालवणे', 'विखुरणे', 'उजळणे' या क्रियापदांचा वाक्यांत उपयोग करा.

४. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना ताऱ्यांची उर्दू नावे विचारा आणि त्यांची मराठी नावे शोधून वहीत लिहा.