नाकारलेल्या मताचे स्थान : ताल्मूदी अध्ययनपरंपरेतील मतभेदाचा विचार

१

धर्मग्रंथाच्या आरंभाविषयी आपल्या मनात काही अपेक्षा रूढ झालेल्या असतात. मंगलाचरण, देवतास्तुती, ग्रंथप्रयोजन किंवा सृष्टीची उत्पत्ती यांपैकी काहीतरी प्रथम यावे, असे आपण गृहीत धरतो. यहुदी परंपरेतील ताल्मूद या महाग्रंथाचा आरंभ मात्र एका प्रश्नाने होतो. सायंकाळची 'शेमा' ही प्रार्थना कोणत्या वेळेपासून म्हणावी, हा तो प्रश्न. तिची अखेरची वेळ कोणती, या मुद्द्यावर लगेच मतभेद येतो. रब्बी एलिएझर यांच्या मते रात्रीचा पहिला पहारा संपेपर्यंत ती म्हणता येते. इतर पंडित मध्यरात्रीची मर्यादा सांगतात. रब्बान गमलिएल पहाट फुटेपर्यंत मुभा देतात. यापाठोपाठ एक घरगुती प्रसंग येतो. गमलिएल यांचे मुलगे मेजवानीहून उशिरा परतले आणि आपली प्रार्थना राहून गेल्याचे त्यांनी वडिलांना सांगितले. अद्याप उजाडले नसेल तर ती म्हटलीच पाहिजे, असे वडिलांनी उत्तर दिले.

येथे सर्वप्रथम ज्याचे नाव उच्चारले जाते, ते रब्बी एलिएझर पुढे सहकाऱ्यांकडून बहिष्कृत झाले, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात या ग्रंथाचे समग्र दर्शन घडविण्याचा हेतू नाही. ज्या मताचा निर्णयात स्वीकार झाला नाही ते मत या परंपरेने का जपले, आणि मतभेदाची कोणती किंमत तिने ओळखली, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

२

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. बलिविधी आणि पुरोहितवर्ग यांवर उभी असलेली उपासना त्यामुळे अशक्य झाली. रब्बान योहानान बेन झक्काय आणि त्यांचे सहकारी यावने या गावी अध्ययनासाठी एकत्र आले. मंदिराची जागा पाठशाळेने एका दिवसात घेतली नाही. तथापि अध्ययन हीच उपासना होय, ही धारणा यापुढील काळात दृढ होत गेली. पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत असलेल्या नियमांचे व चर्चांचे संकलन इ. स. २०० च्या सुमारास रब्बी यहुदा हानासी यांनी केले. हीच 'मिश्ना' होय. तिचे सहा विभाग असून त्यांत ६३ प्रकरणग्रंथ आहेत. मिश्नेवर पुढील शतकांत जी चर्चा झाली ती 'गेमारा'; आणि या दोहोंचा मिळून ताल्मूद होतो. पॅलेस्टाइनमधील ताल्मूद आधी सिद्ध झाला. सुरा, पुंबेदिता इत्यादी विद्यापीठांशी निगडित असलेला बाबिलोनी ताल्मूद त्यानंतर, सहाव्या शतकाच्या आगेमागे आकारास आला आणि तोच अधिक प्रमाण मानला गेला.

३

मिश्नेतील 'एदुयोत' या प्रकरणग्रंथात आपला प्रश्न प्रत्यक्षच विचारलेला आहे. निर्णय बहुमताने होत असेल तर एकट्याचे मत कशासाठी नोंदवावे? त्याला दोन उत्तरे दिलेली आहेत. पहिल्या उत्तरानुसार, पुढील काळातील एखाद्या न्यायमंडळाला ते मत योग्य वाटल्यास त्याला त्याचा आधार घेता यावा, म्हणून ते नोंदवावे. दुसरे उत्तर रब्बी यहुदा यांचे आहे. उद्या कोणी तेच मत परंपराप्राप्त म्हणून पुढे आणले, तर ते पूर्वीच विचारात घेऊन बाजूस ठेवले गेले होते हे त्याला दाखविता यावे, म्हणून ते नोंदवावे. एका उत्तरात नाकारलेले मत हे भविष्यासाठी राखलेले बियाणे ठरते, तर दुसऱ्यात तो मिटलेल्या वादाचा दाखला ठरतो. ही दोन्ही उत्तरे परस्परविरुद्ध असूनही शेजारीशेजारी ठेवलेली आहेत. मतभेद का जपावा, याविषयीचा मतभेदही जपला गेला आहे.

आपल्याकडील शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्षाशी याची तुलना करण्याचा मोह होतो. परंतु पूर्वपक्ष बहुधा सिद्धान्ताच्या स्थापनेसाठी मांडला जातो. त्याचे खंडन झाले की त्याचे कार्य संपते, आणि पुष्कळदा तो कोणाचा हेही सांगितले जात नाही. ताल्मूदात पराभूत मताला धनी असतो. त्याचे नाव टिकते आणि पुढील अभ्यासकाने ते मत तितक्याच गांभीर्याने समजून घ्यावे अशी अपेक्षा असते.

हिल्लेल आणि शम्माय यांच्या शिष्यशाखांविषयीची कथा या संदर्भात महत्त्वाची आहे. त्यांचा वाद तीन वर्षे चालला. अखेर आकाशवाणी झाली की दोन्ही पक्षांचे बोल जिवंत ईश्वराचेच आहेत. मात्र आचरणाचा नियम हिल्लेलशाखेप्रमाणे असावा. दोन्ही बोल ईश्वराचेच, तर एका शाखेला प्राधान्य का? ताल्मूदाने दिलेले कारण तार्किक नाही, नैतिक आहे. हिल्लेलशाखेचे लोक सौम्य होते. ते आपल्या मताबरोबर प्रतिपक्षाचे मतही शिकवीत, इतकेच नव्हे तर ते आधी सांगत. दुसऱ्याचे म्हणणे नीट मांडता येणे हीच येथे निर्णयाधिकाराची पात्रता ठरली आहे.

४

या आदर्शाची दुसरी बाजू ताल्मूदाने लपविलेली नाही. 'बाबा मेत्सिया' या प्रकरणग्रंथात एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेविषयीचा वाद येतो. एलिएझर एकाकी पडतात. आपले म्हणणे खरे असल्याची साक्ष म्हणून ते चमत्कारांना आवाहन करतात. कॅरोबचे झाड जागेवरून हलते, पाण्याचा ओघ उलटा फिरतो, पाठशाळेच्या भिंती कलतात, शेवटी आकाशवाणीही त्यांचीच बाजू घेते. तेव्हा रब्बी यहोशुआ उभे राहून सांगतात की तोरा आता स्वर्गात राहिलेली नाही. निर्णय बहुमतानेच व्हावयाचा.

ही कथा बहुधा येथेच थांबवून सांगितली जाते आणि मानवी बुद्धीच्या स्वातंत्र्याचा जयघोष म्हणून वाचली जाते. मूळ कथा पुढे जाते. एलिएझर यांनी शुद्ध ठरविलेल्या वस्तू जाळण्यात येतात आणि त्यांच्यावर बहिष्कार घातला जातो. ही वार्ता सांगण्यासाठी अकिवा काळी वस्त्रे नेसून जातात आणि काही अंतर राखून बसतात. एलिएझर रडतात, त्यांच्या दुःखाने पिके करपतात आणि पुढे गमलिएल यांचा मृत्यू ओढवतो. शब्दांनी दुसऱ्याला दुखविण्याच्या पापाची चर्चा चालू असताना ही कथा आलेली आहे, हा संदर्भ ध्यानात घेतला की तिचा रोख स्पष्ट होतो. बहुमताचा निर्णय योग्य होता. पण त्या निर्णयाने माणूस मोडला, आणि हे दोन्ही सत्य आहे.

त्याच प्रकरणग्रंथात योहानान आणि रेश लाकिश यांची कथा आहे. पूर्वायुष्यात दरोडेखोर असलेल्या रेश लाकिश यांना योहानान यांनीच अध्ययनाकडे वळविले होते. तलवारी व सुऱ्या यांविषयीच्या एका चर्चेत योहानान यांनी त्यांना जुन्या धंद्याचा टोमणा मारला. दुरावा वाढला आणि रेश लाकिश आजारी पडून निवर्तले. योहानान यांच्या सांत्वनासाठी एलाझार बेन पेदात या विद्वानाची योजना झाली. योहानान यांच्या प्रत्येक विधानाला ते आधार पुरवीत. योहानान यांना ते असह्य झाले. रेश लाकिश प्रत्येक विधानावर चोवीस आक्षेप घेत, त्यांना चोवीस उत्तरे द्यावी लागत आणि त्यातून विषय विस्तारत जाई, असे म्हणून ते शोक करू लागले. त्यांना अनुयायी नको होता, विरोधक हवा होता. दोघांनी समोरासमोर बसून वाद घालीत शिकण्याची 'हव्रुता' ही पद्धती केवळ अध्यापनाची सोय नव्हे, हे या शोकातून कळते.

५

हा दृष्टिकोन ताल्मूदाच्या मुद्रित पानावरही दिसतो. व्हेनिस येथे डॅनिएल बॉम्बर्ग याने १५२० ते १५२३ या काळात संपूर्ण बाबिलोनी ताल्मूद छापला. मध्यभागी मूळ संहिता, एका बाजूस राशी (१०४०-११०५) यांचे भाष्य आणि दुसऱ्या बाजूस 'तोसाफोत' ही रचना तेव्हापासून रूढ आहे. तोसाफोतकारांमध्ये राशींचे नातू होते आणि त्यांनी आजोबांच्या मतांवर निर्भीडपणे आक्षेप घेतले. एकाच पानावर अनेक शतके एकमेकांशी वाद घालताना दिसतात. पॅरिसमध्ये १२४२ च्या सुमारास आणि रोममध्ये १५५३ साली या ग्रंथाच्या प्रती जाळल्या गेल्या; तरीही अध्ययन खंडित झाले नाही. १९२३ साली व्हिएन्ना येथे रब्बी मेइर शापिरो यांनी रोज एक पत्र वाचण्याची कल्पना मांडली. २७११ पत्रांचे हे आवर्तन सुमारे साडेसात वर्षांत पूर्ण होते. चौदावे आवर्तन जानेवारी २०२० मध्ये सुरू झाले.

या परंपरेची मर्यादाही नोंदविली पाहिजे. बेरुरियासारख्या विदुषीचा उल्लेख ताल्मूदात असला, तरी या वादसभेत स्त्रियांना शतकानुशतके स्थान नव्हते. न्यूयॉर्कच्या स्टर्न महाविद्यालयात १९७७ साली रब्बी सोलोवेइचिक यांनी विद्यार्थिनींना ताल्मूदाचा पाठ दिला, ही घटना म्हणूनच महत्त्वाची ठरली. ज्यांचे मत नाकारले गेले त्यांना ग्रंथाने जागा दिली. ज्यांना मत विचारलेच गेले नाही त्यांची जागा मात्र रिकामी राहिली.

६

मराठी वाचकाला हा विषय सर्वस्वी परका नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाची भाषा मराठी. रब्बींच्या ग्रंथांशी त्यांचा परिचय उशिरा झाला. परंतु वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाचा 'हगादा' मराठी अनुवादासह १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात छापला गेला. हगादाच्या पाठात एक छोटा प्रसंग आहे. बेने ब्राक येथे पाच रब्बी इजिप्तमधील मुक्ततेविषयी रात्रभर बोलत बसले. अखेर शिष्यांनी येऊन सकाळच्या 'शेमा'ची वेळ झाल्याचे सांगितले. सायंकाळच्या प्रार्थनेची वेळ कोणती, या प्रश्नाने ताल्मूदाचा आरंभ होतो. येथे अध्ययनात रमलेल्यांना सकाळच्या प्रार्थनेचीही आठवण करून द्यावी लागते. त्या पाचांत अकिवा आहेत, आणि एलिएझर व यहोशुआ हेही आहेत. भट्टीच्या वादाने ज्यांना विभक्त केले, त्यांना परंपरेने एका रात्रीपुरते तरी एकाच बैठकीत बसविले आहे. नाकारलेले मत जपणे याचा अर्थ, ते मांडणाऱ्याची बैठकीतील जागा राखून ठेवणे असाच आहे.